भरली म्हणायचं, मिटली नाही

कार्मेलिनबाई, ती चिठ्ठी मी लिहिली होती. ‘जखम मिटली, घरी जाण्यास हरकत नाही.’ अक्षर माझं, शाई माझी, शब्दही माझा. खाली तुमच्या नावाचा शिक्का होता, तोसुद्धा मीच उमटवला. भिकाजीच्या घोट्यातली वात मी काढली, आणि ‘बाईंनीच तसं सांगून ठेवलंय’ असं त्याच्या आईला तोंडावर खोटं सांगितलं तेही मीच. तुम्ही त्या दिवशी वेंगुर्ल्याला बहिणीकडे होतात.

तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक आहे, हे मला ठाऊक होतं. आणि तरी आपण अकरा वर्षं एकाच दवाखान्यात, एकाच कपाटातला कापूस वापरत वावरलो. गेल्या आठवड्यात तुम्हाला मातीत ठेवून आलो. तुमचा जन्म, शिक्षण, सेवा यांबद्दल फादर देवळात बोलले, बरं बोलले. मला ते पुन्हा लिहायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आपला बारा खाटांचा धर्मादाय दवाखाना, खाडीच्या तोंडाशी. डॉक्टर एक, तुम्ही एक, आणि मी कंपाउंडर. औषधं द्यायची, पट्ट्या बांधायच्या, आणि माझं मराठी चांगलं म्हणून दवाखान्याचं सगळं लिखाणही माझ्याकडे. गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होतं. दवाखान्याच्या पंचांनी परिचारिकांचा वर्ग सुरू करायचं ठरवलं, सहा मुली आल्या, आणि शिकवायचं काम तुमच्याकडे आलं. टिपणं काढायचं माझ्याकडे.

पहिला धडा सुजेचा. मी रविवारभर बसून सुंदर टिपण काढलं होतं. ‘शोथाची लक्षणे पाच : आरक्तता, उष्णता, सूज, वेदना व कार्यहानी.’ तुम्ही ते वाचलंत, दौतीखाली ठेवलंत आणि मुलींकडे वळलात.

“गो चेडवांनो, रापण बघलात मां?”

मुली हसल्या. किनाऱ्यावरून दोन बाजूंनी दोर धरून अख्खी वाडी मिळून ओढते ते मोठं जाळं, ते बघितलं नाही अशी मुलगी आपल्याकडे मिळाली नसती.

“रापण ओढतत तेव्हा किनाऱ्यार काय दिसता? गर्दी जमता. बोंबाबोंब. पाय ठेवूक जागा नाय. पायाक काटो लागलो काय थंयसर तसाच घडता. रक्ताच्या वाटा रुंद जातत, म्हणान जागा लाल आणि गरम. पाणी पाझारता, माणसां धावत येतत, म्हणान सूज. गर्दीत एकमेकांची कोपरां लागतत, म्हणान ठणको. आणि वाटच बंद, म्हणान पाय चलना नाय. झाली पाच?”

मुली बोटं मोजत होत्या.

“ह्या गर्दीक भियाचा नाय. गर्दी जमाकच व्हयी, नायतर जाळा ओढतलो कोण? पण दोन-तीन दिसांनी ती पांगूक व्हयी. पांगली नाय, वाढतच गेली, ताप इलो, तांबडी रेघ वर चढूक लागली, तर हातातला काम टाकून डॉक्टराकडे धावायचा.”

मी दारात उभा होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, “बाई, परीक्षेत रापण लिहून चालणार नाही.”

“कंपौंडरानू,” तुम्ही म्हणालात, “परीक्षेक ह्यो तुमचो शोथ लिवतली. पण खाटेवरच्या माणसाक काय सांगतली? ‘बाबा, तुका शोथ झालो’? तो भियानच मरतलो.”

मुली तोंडावर पदर धरून हसल्या. मीही हसलो. पण ते लागलं मला. मुलींसमोर तुम्ही मला ‘तुमी’ म्हणायचात, आणि त्या आदरातच चिमटा असायचा. एकटे असलो की ‘तू’. ते ‘तू’ मला जास्त आवडायचं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमच्या शिकवण्यात फळा फारसा नव्हताच. एकाच जखमेपुढे रोज मुलींना उभं करायचात. आज काय दिसता? काल काय होता? हातात चिमटा घेण्याआधी तळहात पालथा करून, बोटांच्या मागच्या बाजूनं जखमेच्या आजूबाजूची ऊब बघायला शिकवलंत. बोटांची टोकं कामानं जाड झालेली असतात, त्यांना ऊब नीट कळत नाही, मागची कातडी खोटं बोलत नाही, असं तुमचं म्हणणं. आजही मी तसंच बघतो.

मी कोरडी पट्टी एका झटक्यात ओढून काढायचो. लवकर काम, रोग्यालाही एकदाच दुखणार, असा माझा हिशेब. तुम्ही एकदा माझं मनगट धरलंत. उकळून निवलेलं पाणी आणायला लावलंत, पट्टी भिजवलीत, आणि ती आपोआप सुटेपर्यंत आपण दोघं तिथं गप्प उभे राहिलो. मग खालचं दाखवलंत. पिकल्या रातांब्यासारखा तांबडा, ओलसर, बारीक बारीक दाणे असलेला तळ.

“ह्ये कोंब. नवीन मांस येवक लागला. तू कालपासून ह्येंका ओरबाडून काढतंस आणि मगे म्हणतंस जखम भरना नाय.”

“त्याला मांसांकुर म्हणतात,” मी म्हणालो.

“अंकुर म्हणजे कोंबच मरे! मगे कोंब म्हणाक तुझी जीभ झिजता?” आणि चिमट्यानं हलकेच स्पर्श केलात. थेंबभर रक्त आलं, पण रोगी हललासुद्धा नाही. “बघ. रक्त येता, पण दुखणा नाय. नवीन आसत. त्येंका दुखूक अजून येना नाय.”

हे वाक्य मी नंतर कितीतरी मुलींना सांगितलं. तुमचं नाव न घेता.

पथ्यावरून आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. माझी आई जखमेवाल्याला मासे, वांगं, भोपळा काही देत नसे. पू धरतो म्हणायची. मीही तेच धरून होतो. तुम्ही रोग्यांच्या आयांशी खाटेजवळ भांडायचात. “नुसत्या पेजेर जखम भरना नाय गो. नवीन मांस बांधूचा तर सामान नको? अंडा दी, मासो दी, आवळो दी.” एकदा एका म्हातारीनं तुम्हाला विचारलं, “तू ख्रिस्तांव, तुका पथ्य काय म्हायत?” तुम्ही शांतपणे म्हणालात, “माका म्हायत नाय. जखमेक म्हायत आसा. तिका इचार.” आणि आठवडाभर रोज त्या म्हातारीलाच जखम दाखवलीत. आठव्या दिवशी ती स्वतः बांगड्याचं तिखलं घेऊन आली. मी मात्र घरी मासा सोडायचं पथ्य सोडलं नाही. आईपुढे तुमची बाजू घ्यायची मला लाज वाटायची.

आता त्या वाळूतल्या खड्ड्याचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

खोल जखमेचा धडा होता. रविवारी देवळातली मीस आटोपल्यावर तुम्ही मुलींना आणि मला किनाऱ्यावर नेलंत. करवंटीनं दोन खड्डे खणलेत, गुडघाभर खोल. एकात तळापासून ओली वाळू दाबत दाबत भरलीत. दुसऱ्याच्या तोंडावर माडाच्या विणलेल्या झापाचा तुकडा टाकून वर वाळू पसरलीत. दोन्ही जागा वरून अगदी सारख्या दिसू लागल्या.

“कंपौंडरानू, तुमी शिकलेले. भरलेली खंयची आणि मिटलेली खंयची, ता उभे रवान दाखवा.”

मी नीट बघितलं, विचार केला आणि ऐटीत एका जागेवर पाय ठेवला. गुडघ्यापर्यंत आत गेलो. धोतर वाळूत, चप्पल खड्ड्यात. सहा मुली किंचाळत हसल्या. तुम्हीही हसलात, मग हात देऊन मला वर ओढलंत.

“बघलात? ही मिटलेली. वरसून छान, खाली पोकळी. आत पू रवता, बाहेर येवक वाट नाय, मगे तो आतल्या आत वाट शोधता. म्हणान खोल जखमेत वात ठेवची. तोंड उघडा रवंदे. दिसाक वायच वायच वात आखूड करायची, तळ वर येवंदे. तळासून भरली काय तोंड आपसूक बंद जाता. म्हणान आपल्या दवाखान्यात ‘मिटली’ लिवचा नाय. ‘भरली’ लिवचा.”

वात म्हणजे गॉजची लांब पट्टी. समईच्या वातीसारखी वळून जखमेच्या खोबणीत सोडायची. त्या दिवसापासून जी मुलगी वहीत ‘मिटली’ लिहील तिनं दुपारभर पट्ट्या गुंडाळायच्या, असा तुमचा दंडक.

मी मात्र ‘मिटली’च लिहीत राहिलो. शुद्ध मराठीत जखम मिटते, असं माझं म्हणणं. तुम्ही दोनदा खोडून ‘भरली’ केलंत. तिसऱ्यांदा नुसतं माझ्याकडे बघितलंत. खड्ड्यात पडलो ते माझ्या अंगाला कुठंच लागलं नव्हतं, बाई. पण हट्टाला लागलं होतं.

त्याच हंगामात भिकाजी आला. रापण ओढणाऱ्यांतला धिप्पाड गडी, दोन मुलांचा बाप. गुडघाभर पाण्यात पाकटावर पाय पडला आणि त्या माशाच्या शेपटीतला काटा घोट्याच्या मागं खोल घुसला. वाडीत त्यावर चुना-तंबाखू भरून झाल्यावर पाचव्या दिवशी आणला. डॉक्टरांनी चीर दिली, पू निघाला, तुम्ही वात घातलीत. दोन आठवड्यांत त्या घोट्याचं रूप पालटलं. मुलींना तुम्ही तीच जखम रोज दाखवत होतात.

मग डॉक्टर कामासाठी रत्नागिरीला गेले, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही वेंगुर्ल्याला, भाच्याच्या लग्नाला. जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातात दिलीत. “भिकाजीची वात काढू नको. वायच आखूड कर, बस. मी इल्याशिवाय त्येका सोडू नको.”

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर जखमेचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं राहिलेलं. गुलाबी, स्वच्छ. वात जवळजवळ कोरडी. भिकाजी हात जोडत होता. “कंपौंडरानू, माका सोडा. म्हयनो होत इलो, दोरावरची माझी जागा दुसरो धरून बसलो. आता गेलंय नाय तर ती माझी रवाची नाय.” त्याची दया आली हे खरं. पण नुसत्या दयेनं मी ते केलं नाही. इतकी सुंदर जखम तुम्ही उगाच ताणताय, असं मला वाटलं. तुम्ही परत याल तेव्हा ती बंद झालेली असेल आणि तुम्हाला ‘मिटली’ म्हणावं लागेल, असं वाटलं. मला तुम्हाला चुकीचं ठरवायचं होतं. मी वात काढली, कडा जवळ ओढून चिकटपट्टी लावली.

त्याची आई दारात बसली होती. ती म्हणाली, “नर्सबाय इल्याबिगर कसो सोडतास?”

“बाईंनीच तसं सांगून ठेवलंय,” मी म्हणालो. आणि कपाटातला तुमचा शिक्का काढून चिठ्ठीवर मारला.

डॉक्टरांची गाडी वाटेत तळेऱ्याला बंद पडली, म्हणून ते आणखी एक दिवस उशिरा आले. तुम्ही त्यांच्या आधी पोचलात. पिशवी हातातच होती. “भिकाजी खंय?”

“बरा झाला. गेला.”

“वात?”

“सुकी निघाली.”

पिशवी जमिनीवर टाकून तशाच त्याच्या घरी चालत गेलात. तो तोवर रापणीवाल्यांबरोबर मचव्यावरून देवगडकडे गेला होता. तुम्ही निरोप धाडलात, पुन्हा एकदा धाडलात. अकराव्या दिवशी तो बैलगाडीतून परत आला. वरची कातडी ताणून चकचकीत झालेली, खाली पाय मांडीपर्यंत सुजलेला, अंगात ताप. पुवाला बाहेर वाट मिळाली नव्हती. तो सांध्यात शिरला होता.

जीव वाचला. तुम्ही चार दिवस त्या खाटेजवळून हलला नाहीत. पण घोटा कायमचा आखडला. वाळूत टाच रोवून दोर ओढायचा, तर घोटा वाकायला हवा. भिकाजी पुन्हा दोरावर उभा राहिला नाही. बसून जाळी सांधतो.

डॉक्टरांच्या खोलीत त्याच्या आईनं आकांत मांडला. “नर्सबायनच सांगून ठेवलेला! माझ्या झिलाचो पाय घेतलो तिना!” तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंत. वात मी काढली हे तुम्हाला कळलं होतं. तुमचं नाव घेऊन काढली, हे तेव्हा कळलं. डॉक्टरांनी चिठ्ठी पुढं केली. “सिस्टर, हा शिक्का तुमचाच ना?”

तुम्ही चिठ्ठी वाचलीत. तुमची नजर ‘मिटली’वर थांबलेली मला दिसली. तिथं जरा वेळ थांबली. मी बोलेन म्हणून ती थांबली होती, हे मला त्या क्षणीही समजत होतं. मी टेबलावरच्या दौतीचं झाकण लावलं.

“व्हय,” तुम्ही म्हणालात. “शिक्को माझो.”

बाई, एवढं खरं आणि एवढं कमी बोललेलं वाक्य मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही.

पंचांनी वर्ग तुमच्याकडून काढला आणि माझ्याकडे दिला. मी नाही म्हणालो नाही. पहिल्या दिवशी मुलींना रापण सांगितली, दुसऱ्या दिवशी कोंब, तिसऱ्या दिवशी भरली आणि मिटली. सगळं तुमचं. तुम्ही व्हरांड्यातून एनॅमलचा ट्रे घेऊन जायचात आणि तुमच्याच शब्दांतलं माझं शिकवणं तुमच्या कानावर पडायचं. एकदा बोलता बोलता मी ‘मांसांकुर’ म्हणून गेलो, तर बाहेरून तुमचा आवाज आला, “कोंब म्हण रे!” मुली हसल्या. मी फळ्याकडे तोंड केलं, कारण माझे डोळे भरून आले होते.

मासेमारांच्या वाडीनं तुम्हाला टाकलं. पूर्वी कुणीही बाळंतीण अडली की तुम्हाला हाक यायची, ती बंद झाली. तुम्ही रस्त्यानं जाताना भिकाजीची आई तोंड फिरवायची. तुम्ही मात्र दरवर्षी, पाऊस संपला की, एक गादी शिवायचात. आत कापूस, खाली चामडं, भिकाजीच्या आखडलेल्या टाचेखाली ठेवायला, म्हणजे कंबर दुखू नये. ती माझ्या हातात द्यायचात. “दवाखान्यान धाडली म्हणान सांग. माझा नाव घेव नको.” मी ती नेऊन द्यायचो. भिकाजी घ्यायचा आणि वर मलाच म्हणायचा, “तुमी होतास म्हणान. नायतर त्या बायन माझो जीवच घेतलो असतो.” मी मान हलवून परत यायचो. दरवर्षी.

मग तुमच्याच तळपायाला जखम झाली. साखरेची. डॉक्टर तोवर निवृत्त होऊन पुण्याला गेले होते. दर दिवसाआड मी सायकल मारत तुमच्या घरी यायचो. तुम्ही खाटेवर पाय पुढं करून बसायचात आणि परीक्षा घ्यायचात.

“काय दिसता? सांग.”

“बरी आहे.”

“बरी म्हणजे काय? चेडवान असा उत्तर दिल्यार तू किती मार्क देतंस?”

मला हसू आलं. “कडा काळ्या आहेत. तळ दिसत नाही. कोंब नाहीत.”

“हां. आता खरा बोललंस. साखर आसा मां, माणसां दोराक येनत नाय.” तुम्ही दुसऱ्या कुणाच्या पायाबद्दल बोलावं तशा बोललात. “तू तुझा काम नीट करतंस. वात चांगली घालतंस. ता मी शिकवलंय, म्हणान सांगतंय.”

त्या शेवटच्या वाक्यानं माझ्यातलं काहीतरी सुटलं. हातात कात्री होती. म्हटलं, “बाई, भिकाजीची चिठ्ठी... माझं चुकलं. मी तुमचं नाव घेतलं आणि गप्प बसलो. मला माफ करा.”

तुम्ही पाय जरा मागं घेतलात. मग म्हणालात, “बरा वाटला तुका?”

“हो.”

“बघ. वरसून मिटवलंस.”

मी कात्री खाली ठेवली.

“माका कित्याक सांगतंस? माका पयल्या दिसासून म्हायत आसा. हंय तुका सोपा पडता. तळ खंय आसा? भिकाजीकडे. थंयसून भरीत ये. माझ्याकडे शेवटाक ये.”

मी विचारलं, तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत. तुम्ही म्हणालात, “मी वाट बघी होतंय, तू बोलतलंस म्हणान. आणि किल्ली मीच तुका दिलेली मां? तुझो हट्ट माका दिसा होतो. तरी दिलंय. माझाय वायच चुकला.” आणि लगेच, “पट्टी सैल झाली, परत बांध.”

उद्याच जातो म्हणालो. गेलो नाही. दोन दिवसांनी आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, “गेलंस?” मी म्हणालो, उद्या. पुढच्या खेपेलाही उद्या. त्यानंतर तुम्ही विचारणं सोडलंत. बाराव्या दिवशी तुमच्या भाचीचा निरोप आला. मी आलो तेव्हा तुमचा पाय चादरीखाली झाकलेला होता आणि बघायला सांगणारं कुणी नव्हतं.

तुम्हाला नेलं त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकाबाहेर भिकाजी उभा होता. आत आला नाही. पण आला होता. त्याच्या डाव्या चपलेत तुम्ही शिवलेली गादी होती.

परवा दुपारी किनाऱ्यावर गेलो. रापण लागली होती. दोन्ही दोरांवर पंधरा-वीस माणसं, तालात आरोळी देत ओढत होती. भिकाजी माडाखाली जाळं मांडीवर घेऊन बसला होता. मी समोर उकिडवा बसलो. सायकलवरून येताना सगळं मनात जुळवून आलो होतो.

“भिकाजी, तुझ्या पायासंबंधी मला थोडं निवेदन करायचं आहे...”

“निवेदन?” त्यानं जाळ्यातून मान वर केली. “कचेरीत इलास काय कंपौंडरानू? सरळ सांगा मरे.”

मग मी सरळ सांगितलं. खाली वाळूकडे बघत, हळू आवाजात. वात, चिठ्ठी, त्याच्या आईला सांगितलेलं खोटं, शिक्का. आणि गादी. गादीचं ऐकल्यावर त्याचे हात थांबले. त्यानं चप्पल काढली, गादी बाहेर घेतली आणि उलटी करून तिचे टाके बघत राहिला.

“आणि ती गप्प रवली?” त्यानं विचारलं.

“गप्प राहिली.”

त्यानं गादी पुन्हा चपलेत बसवली. शिवी देईल, हात उगारेल असं वाटलं. त्यातलं काही झालं नाही. तो म्हणाला, “माझ्या कानात सांगान काय उपयोग? अकरा वर्सां मी ह्या समद्यांका त्या बायचा नाव सांगीत इलंय. आवस मराता तवसर तिका शिव्या देय होती. आता उठा. मोठ्यान सांगा. दोरावरच्यांका आयकाक येवंदे.”

मी उठलो. दोराकडे तोंड केलं. भिकाजीनं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली, आरोळी थांबली, आणि दोर हातात तसाच धरून सगळे माझ्याकडे बघू लागले. बाई, आयुष्यभर चार माणसांसमोर मी शुद्धच बोलत आलो. त्या वेळी मला शुद्ध एक शब्द आठवला नाही.

“आयका रे! भिकाजीच्या पायातली वात मी काढलंय. कार्मेलिनबायन सांगूक नव्हता. ती गावातच नव्हती. ‘बायन सांगलानी’ ह्या मी खोटा बोललंय, आणि आळ तिच्यार इलो तेव्हा गप्प बसलंय. तिना तुमचा कायेक वाईट करूक नाय. ह्येच्या टाचेखालची गादीय तीच शिवी. भिकाजी, तुझो पाय माझ्यापायी गेलो. माका माफ कर.”

डॉक्टरांना पुण्याला पत्र टाकलं. काल वर्गात मुलींना सांगितलं, रापण कुणाची, कोंब कुणाचे, आणि त्यांचा वर्ग माझ्याकडे कसा आला ते. शेवटी यायला सांगितलं होतंत, म्हणून आता तुमच्याकडे आलो आहे.

बाय, माझा चुकला. माका माफ कर.